फुकट मिळालेला आवाज

पेठ रोड, नाशिक
१२ जून २०२४

आदरणीय मनोजभाऊजी,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. सांगितल्याप्रमाणे फोन करत नाही, शाळेच्या पत्त्यावरच लिहिते आहे. घरचा फोन दिवसभर आईंच्या उशाशी असतो आणि कुणाचाही आला तरी त्या तो स्पीकरवर लावायला लावतात, हे मला माहीत आहे.

अमितचे आवाज आणखी पाठव, असं तुम्ही लिहिलंत. आवाज संपत आले आहेत. अपघातात त्यांचा मोबाईल चेपला. घाटातून जे आणून दिलं त्यात तो होता, पण त्यातून काही निघालं नाही. जे उरलं ते त्यांच्या खात्यात आहे. ते खातं आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर उघडंच राहिलं होतं, पासवर्डही त्यातच साठवलेला. त्यांनी कधीमधी पाठवलेले बोलके मेसेज मी ऐकते, आईंना चालतील तेवढे तुकडे कापते आणि त्याच खात्यातून आईंना पाठवते. ‘आई, जेवलीस का.’ ‘गोळ्या घेतल्या का.’ ‘तिकडे पाऊस कसा आहे.’ आता नवीन तुकडे निघत नाहीत. मागच्या वेळी एकात आमच्या कुकरची शिट्टी राहून गेली. तुमची पिंकी सांगत होती, आई म्हणाल्या, “दुबईत पण कुकर हाय का गं?”

बाकीचे आवाज मला पाठवलेले आहेत. ‘मोहिनी, गेट उघड, हातात पिशव्या आहेत.’ यातून आईंसाठी मी काय कापून काढणार.

भाऊजी, आता सांगायला हवं. मार्चमध्ये आईंची बायपास झाली त्याच आठवड्यात अमित गेले. डॉक्टर म्हणाले धक्का नको, म्हणून आपण कंपनीने दुबईला पाठवल्याचं ठरवलं. तिथे साइटवर फोन लागत नाही, फक्त आवाज पाठवता येतो, हे तुम्हीच सुचवलंत. ते तेवढ्यापुरतं होतं. आता आई हापशावरून कळशी आणतात. गावात दिवसाचं कार्य अजून झालेलं नाही. इथे आपण चार माणसांत उरकलं. गावच्या अंगणात दिवस झाल्याशिवाय आपल्यात माणूस सुटत नाही, असं तुम्हीच म्हणता.

मला इथे भिंतीवर फोटो लावता येत नाही, कारण पिंकी आईंना घेऊन केव्हाही व्हिडिओ कॉल करते. तिचा कॉल वाजला की मी आधी मंगळसूत्र घालते, कुंकू लावते आणि मग उचलते. झाला की काढून ठेवते. ऑफिसात एकदा तसाच कॉल आला तर पर्समध्ये कुंकू नव्हतं. लाल पेनने लावलं.

एक विनंती आहे. पाकिटावर ‘सौ.’ लिहू नका. इथल्या पोस्टमनला माहीत आहे.

आपली,
मोहिनी


जि. प. शाळा, ता. सुरगाणा
२० जून २०२४

सौ. मोहिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. ‘सौ.’ मी लिहिणारच. हाताला सवय राहिली पाहिजे. एकदा लिहिण्यात चूक झाली की उद्या बोलण्यात होईल आणि ती आईसमोर होईल. पोस्टमनला काय वाटते याची काळजी तू करू नकोस.

इकडे शेंबड्या पोराला माहीत आहे की अमित गेला. सगळे गाव तोंड शिवून बसले आहे. शेजारची कलाबाई रोज येऊन आईला विचारते, “काय म्हनतो गं तुझा अमित?” आणि आपल्या घरी जाऊन पदर तोंडात घालते. परकी माणसे एवढे करतात. तू सून आहेस आणि तुला मोकळे व्हायची घाई झाली आहे. कळशी उचलली म्हणजे छातीचे टाके मजबूत झाले असे नाही.

तुझ्या कामात हयगय आहे, हे मात्र लिहायला हवे. परवा आई म्हणाली, “हा दर खेपेला सारखंच बोलतोय. खोकतोय पण सारखंच. कुणी पढवून ठिवलाय का त्याला?” मी म्हटले, दमतो गं कामाने. ती माझ्याकडे बघत राहिली. हे किती दिवस चालेल?

आमच्या केंद्रातल्या एका गुरुजींनी उपाय सांगितला आहे. कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर येते. त्यात माणसाचा जुना आवाज घातला की आपण जे टाइप करू ते त्या आवाजात बोलून दाखवते. विकतचे महाग आहे, पण एका व्हिडिओखाली तेच फुकट दिलेले आहे. लिंक सोबतच्या चिठ्ठीवर अक्षर न अक्षर उतरवून दिली आहे. मोठी-लहान अक्षरे जपून टाइप कर. उघडताना पासवर्ड मागेल, तोही चिठ्ठीवर आहे. आधी अँटिव्हायरस बंद करायचा, नाहीतर तो मध्ये येतो. व्हिडिओत तसे स्पष्ट सांगितले आहे आणि खाली शेकडो लोकांनी ‘चालले, धन्यवाद’ असे लिहिले आहे.

तू दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसतेस. हे तुला जमणार नाही असे सांगू नकोस. जमवायचे नसेल तर तसे सांग. मग आईला काही झाले की मी फोन करणार नाही, पत्रच पाठवीन.

तुझा,
मनोज


पेठ रोड, नाशिक
३० जून २०२४

आदरणीय मनोजभाऊजी,
नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं केलं. गेल्या रविवारी दुपारी बसले. चिठ्ठीवरची लिंक टाइप केली. फाईल उतरली तेव्हा अँटिव्हायरसने लाल चौकट दाखवली, ही फाईल धोकादायक आहे म्हणून. मी चिठ्ठी पुन्हा वाचली आणि तो बंद केला. पासवर्ड टाकून फाईल उघडली, सुरू केली. एक काळी खिडकी आली आणि लगेच गेली. नंतर काहीच नाही. आवाज घालायची जागा नाही, लिहायची जागा नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. व्हिडिओखाली मी विचारलं की उघडत नाही, काय करू. तर माझा प्रश्नच थोड्या वेळाने तिथून नाहीसा झाला.

आज परत बघते. कॉम्प्युटर एरवीपेक्षा हळू चालतो आहे.

आईंना कापलेल्यातला शेवटचा तुकडा पाठवला आहे. ‘बरं, मी नंतर बोलतो.’ यानंतर माझ्याकडे त्यांच्यासाठी काही नाही. म्हणून पुन्हा विचारते, सांगायचं कधी? तुम्हाला जड जात असेल तर मी येते. मी सांगते. डॉक्टरांना विचारून, त्यांच्या उशाशी बसून सांगीन. आईंनी मला मारलं तरी चालेल.

मोहिनी


ता. सुरगाणा
८ जुलै २०२४

सौ. मोहिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

उघडत नाही म्हणून रडगाणे गायलीस आणि शेवटी मार्ग काढलासच. आवाज नाही तर नाही, लिहून पाठवायचे हे मला सुचायला हवे होते. चार दिवस झाले, आईला रोज अमितचा मेसेज येतो. ‘नमस्कार प्रिय, तू कशी आहेस? तुझ्याकडे वेळ आहे का?’ पिंकी वाचून दाखवते. आई म्हणते, “बाहेरदेशी जाऊन सुधारला. आधी कधी इचारलं नव्हतं, वेळ हाय का.” कलाबाईलाही ऐकवून झाले.

दोन सूचना. ‘प्रिय’ लिहू नकोस. अमितने जन्मात आईला प्रिय म्हटले नसते. आणि त्या मजकुराखाली तू जी लिंक जोडतेस, ‘हे माझे फोटो पाहा’ म्हणून, ती कशासाठी? फोटो कुठले? पिंकीने बोट ठेवले तर काही डाउनलोड करा म्हणते आणि या फोनवर चालत नाही, कॉम्प्युटर हवा असे सांगते. आईला वाटते दुबईचे फोटो आहेत आणि आम्ही दाखवत नाही.

बाकी तू मनावर घेतलेस याचे समाधान आहे. येण्याची गरज नाही.

मनोज


पेठ रोड, नाशिक
१३ जुलै २०२४

आदरणीय मनोजभाऊजी,

ते मेसेज मी पाठवलेले नाहीत.

चार तारखेपासून मला अमितच्या खात्यात जाता येत नाही. पासवर्ड चुकीचा आहे असं सांगतं. माझं स्वतःचं खातंही गेलं होतं. ते परत मिळालं, कारण माझा मोबाईल नंबर माझ्या हातात आहे, त्यावर कोड आला, पण आतले जुने मेसेज सगळे पुसलेले होते. अमितचा कोड अमितच्या नंबरवर जातो. ते सिम आता कुठे आहे.

ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला रोहित म्हणून येतो, त्याला विचारलं. त्याने घरचा कॉम्प्युटर पाहिला. तो म्हणाला, “मॅडम, विकतची वस्तू फुकट देतो म्हणायचं आणि पुडीत दुसरंच बांधून द्यायचं, हा यांचा धंदाच आहे. ती काळी खिडकी आली ना, तेवढ्यात ब्राउझरात साठवलेले सगळे पासवर्ड उचलून नेले. अँटिव्हायरस बंद करा असं सांगणारा माणूस म्हणजे कुत्रं बांधून ठेवा म्हणणारा पाहुणा. खालची ‘चाललं चाललं’ तीच माणसं लिहितात.”

मग विचारलं, “कशाला हवं होतं?” मी म्हटलं, गाण्यासाठी. तो हसला. म्हणाला, “आता या वयात गाणार?”

त्याने कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्याने भरून दिला. दुसरा इलाज नव्हता. त्यात मी कापून ठेवलेले सगळे तुकडे गेले. मी ते दुसरीकडे कुठे ठेवले नव्हते, मला सुचलं नाही. माझे, म्हणजे मला पाठवलेले, त्या खात्यातच आहेत आणि खातं चोराकडे आहे.

तुमच्यासाठी लिहिते. ती लिंक कुणीही उघडायची नाही. शाळेच्या कॉम्प्युटरवर तर मुळीच नाही. तुम्ही किंवा त्या गुरुजींनी चिठ्ठीवरची फाईल कुठे उतरवली असेल तर त्या कॉम्प्युटरवर काही उघडू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सगळे पासवर्ड बदला आणि यापुढे ते ब्राउझरात साठवू नका. पिंकीने त्या मेसेजना उत्तर देऊ नये.

मी पोलिसांकडे जाऊन आले. तक्रार घेतली. तिथल्या बाई म्हणाल्या, माणूस हयात नाही तर ज्या कंपनीचं खातं आहे तिला मृत्यूचा दाखला पाठवा, ती ते बंद करेल. मी विचारलं, आतलं मिळेल का. त्या म्हणाल्या, बंद म्हणजे बंद, आतलं सगळं जातं. त्यांनी फॉर्मचा नमुना दिला. मी अजून पाठवलेला नाही.

आईंना आता तरी सांगा. चोराच्या तोंडून त्यांना मुलाची खुशाली कळते आहे.

मोहिनी


ता. सुरगाणा
१९ जुलै २०२४

सौ. मोहिनी हिस,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. खाते बंद करायचे नाही.

चोर असेना का. तो रोज विचारपूस करतो. तू सून असून आठवड्यातून एकदा करायचीस आणि तीही शिळी. आई सकाळी वेणी घालून टेकडावरच्या शिवेच्या दगडाशी जाऊन बसते, कारण रेंज तिथे चांगली येते. सगळी भाताच्या आवणीत, रोपे लावण्यात गुंतली आहेत आणि ती तिथे छत्री धरून. ती सांगते, पिंकी टाइप करते. काय खाल्ले, काय दुखते, बांध कुठे फुटला. तिकडून उत्तर येते. कधी ‘छान’, कधी ‘ठीक आहे प्रिय’. तेवढ्यावर ती दिवस काढते. लिंक आम्ही उघडत नाही, एवढी अक्कल आम्हालाही आहे. ज्याने तुझे नेले त्याला आमच्याकडून नेण्यासारखे काही नाही.

चिठ्ठी मी दिली हे तू लिहिले नाहीस, पण ओळीओळीत आहे. मी फक्त सांगितले होते. बोटे तुझी होती. लाल चौकट तुला दिसली होती, मला नाही.

एक गोष्ट सांगतो, ती तुझ्यापाशी ठेव. मंगळवारी पिंकी कॉलेजला गेली होती. मी फोन घेऊन टेकडावर गेलो आणि त्याला लिहिले, ‘अमित, काळा बैल आता ओढत नाही, जोडी देऊन टाकू का.’ गोऱ्हा होता तेव्हापासून अमितने त्याला हाताने चारले होते. थोड्या वेळाने उत्तर आले. ‘हो नक्की. आधी हे पाहा.’ आणि ती लिंक. मी जोडी गुरुवारच्या बाजारात दिली.

मला सगळे कळते. माझी फसवणूक झाली असे समजू नकोस. पण दाखला पाठवलास तर अमितला दुसऱ्यांदा तू मारलेस असे मी धरीन. पहिल्यांदा त्याला घाट ओलांडून जायच्या त्या सिन्नरच्या कंपनीच्या पाळीत कुणी घातले तेही मला माहीत आहे. नाशिकला घर पाहिजे, नाशिकला घर पाहिजे. घर झाले. राहा आता.

मनोज


पेठ रोड, नाशिक
२९ जुलै २०२४

आदरणीय मनोजभाऊजी,

दाखला मी पाठवला. आज पाठवला. का, ते लिहिते.

बावीस तारखेला दारात एक माणूस उभा. मी ओळखलं नाही. दिंडोरीचा ओम, अमितचा शाळेतला मित्र, द्राक्षांची बाग आहे. त्याला ते गेल्याचं माहीत नव्हतं. घाटातली बातमी पेपरात आली होती, पण नाव चुकीचं छापलं होतं. त्याला अमितच्या खात्यातून लिंक गेली. अमितने पाठवली म्हणून त्याने ती पॅकिंग शेडच्या कॉम्प्युटरवर घेतली. अँटिव्हायरस बंद करा म्हटलं, त्याने केला. आता त्याचं खातं गेलं, ई-मेल गेला, आणि त्याच्या नावाने त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना तेच जातं आहे. व्यापारी त्याला चोर म्हणतात. तो तापलेला होता. म्हणाला, “वहिनी, अमितला बाहेर बोलवा. तुमच्यासमोर बोलतो त्याच्याशी. लहानपणापासून ओळखतो मी या माणसाला, आणि मला असा गंडवतो?”

मी आत गेले, फोटो आणला. फोटो कपाटात उलटा ठेवलेला असतो. तो त्याच्यासमोर धरला. तो पायरीवर बसला. पाणी दिलं ते त्याने घेतलं नाही. जाताना मला म्हणाला, “तुम्ही कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर मी ते उघडलं असतं का?” मेलेला माणूस मेला असं आपण कुणाला सांगितलं नाही, म्हणून त्याच्या नावावर अजून विश्वास बसतो.

तरीही मी दाखला पाठवला नव्हता. ओमसाठी मी तो पाठवला असता की नाही, सांगता येत नाही. माझे आवाज त्या खात्यात होते.

काल संध्याकाळी माझ्या मोबाईलवर मेसेज आला. अमितचं नाव, अमितचा फोटो. ‘नमस्कार प्रिय, तू कशी आहेस? तुझ्याकडे वेळ आहे का?’ मला कळत होतं तो कोण आहे. मी उत्तर दिलं. काय लिहिलं ते सांगायची गरज नाही. त्याला मराठी येत नसावं. मी एवढं लांब का लिहिलं हे त्याला कळलं नसणार. ओळख पटावी म्हणून त्याने खात्यात जुनं जे सापडलं त्यातलं एक उचलून मला पाठवलं. मी ते लावलं. ‘मोहिनी, गेट उघड, हातात पिशव्या आहेत.’

भाऊजी, मी उठले होते. दाराची कडी काढून अंगणात गेले होते. गेटला हात लागला तेव्हा समजलं.

परत आले तर खाली लिंक आलेली होती.

म्हणून पाठवला. त्यांचा आवाज पुडी बांधायच्या कागदासारखा वापरलेला मला चालणार नाही. आवाज राहिला नाही तर नाही. आईंना रोज जे येतं त्यात अमित नाही, तुम्हाला बैलांबद्दल जे सांगितलं त्यातही नाही. तुम्ही बैल कुणाच्या सांगण्यावरून दिलेत ते तुमचं तुम्ही बघा.

सिन्नरच्या नोकरीबद्दल तुम्ही लिहिलंत. ते खरं आहे की नाही, मी रोज विचार करते. तुम्ही लिहायची गरज नव्हती.

खातं आठ-दहा दिवसांत बंद होईल असं कळवलं आहे. तेवढ्यात आईंना सांगा. दिवसाचं कार्य कधी ठरवता ते कळवा, मी रजा टाकते.

मोहिनी


ता. सुरगाणा
१४ ऑगस्ट २०२४

सौ. मोहिनी हिस,
आशीर्वाद.

गेल्या बुधवारी खाते गेले. पिंकीने सकाळी फोन उघडला तर अमितचा फोटो नाही, नाव नाही, नुसते करडे वर्तुळ. आईला अक्षर कळत नाही, पण वर्तुळ कळले. “मानूस कुठं गेला?” म्हणाली. टेकडावरून उठेना. पाऊस होता. शेवटी मी उचलून आणली.

दोन दिवस तिने भाकरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मला समोर बसवून म्हणाली, “खरं सांग मनोज. काय झालं अमितला?” तू जे म्हणत होतीस ती वेळ आली होती. माझ्या तोंडाशी आले होते. मी तिच्या गळ्याखालचा तो टाक्यांचा वळ बघितला आणि सांगितले, “काही झाले नाही. मोहिनीने बंद केले. आईशी बोलायचे नाही असे तिने त्याला सांगितले आहे.”

यात खोटे किती आहे? बंद तूच केलेस. एवढेच सांगितले.

आईने रिकामे ताट पुढे ओढले. मग म्हणाली, “वाढ मला.” त्या दिवसापासून ती नीट जेवते. रागाने जेवते, पण जेवते. गोळ्या मागून घेते. सोमवारी सुरगाण्याच्या दवाखान्यात नेले तर डॉक्टर म्हणाले, तब्येत सुधारली, असेच चालू ठेवा. आता मी ते बदलणार नाही. दिवसाचे कार्य गावात होणार नाही. तू येऊही नकोस. तुला बघितले की ती काय करेल सांगता येत नाही, आणि तुझे कपाळ बघितले तर काय होईल तेही सांगता येत नाही.

तिने तुला पत्र सांगितले आहे. पिंकीने लिहून घेतले. मी एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. तिला उत्तर हवे आहे. पिंकी ते तिला वाचून दाखवेल, जसे असेल तसे. काय लिहायचे ते तू ठरव. मी सांगणार नाही.

मनोज


(सोबतचे पत्र)

सौ. मोहिनीस फुलाबाईचा राम राम.

मी सांगते, पिंकी लिव्हते. तुला सून करून आनली तवा मी सगळ्यांना म्हनले व्हते, शिकलेली हाय, गरीब सोभावाची हाय, माझ्या पोराला नीट ठिवंल. तू त्याचं तोंडच शिवलंस. मी तुझ्याकडं काय मागितलं व्हतं? त्याचा पगार मागितला नाय, तुझ्या घरात कोपरा मागितला नाय. आवाज मागितला. मानूस तिकडं लांब, त्याचा आवाज इकडं येत व्हता, तेवढा पन तुला खुपला.

माझी छाती फाडली तवा भूल उतरताना मी त्याचंच नाव घेतलं, नर्सबाईला इचार. तू फोनमधी कुकू लावून बसतेस आन हसतेस. मला ठावं नाय का, तू पोटातून हसत नाय. तुझ्या मनात कायतरी हाय हे मी कवाच वळखलंय.

तो नाय बोलनार असा. तो लेकरू असताना गाय हंबरली तरी उठून बसायचा, का आईनं हाक मारली. तू त्याला काय खाऊ घातलं?

ऐक आता. मी मरनार नाय. मी गोळ्या घेते, नागलीची भाकर खाते, बांधावर जाते. देवाला सांगितलंय, हिचं कपाळ उघडं झालेलं मला एकदा दाव, मंग मला ने. घरात बसून तू त्याच्या आवाजाची वाट बघशील आन आवाज येनार नाय, तवा तुला समजंल म्हातारीचं काय झालं व्हतं.

पिंकी म्हनते आजी असं नको सांगू. मी म्हनते लिव्ह. ती रडते उगीच. लेकरू हाय.

अमितला सांग, आई जेवली.

फुलाबाई


पेठ रोड, नाशिक
२२ ऑगस्ट २०२४

ती. आईंना,
मोहिनीचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. पिंकी, हे आजींना सावकाश वाचून दाखव आणि मध्ये थांबू नकोस.

मनोजभाऊजींनी तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. खातं मीच बंद केलं. त्यांना तुमच्याशी बोलू देत नाही ती मीच. त्यांचा काही दोष नाही. गाय हंबरली तरी ते आजही उठतील, मीच उठू देत नाही.

ते बरे आहेत. तिकडे ऊन फार आहे, पण त्यांना त्रास होत नाही. तुम्ही जेवलात हा निरोप सांगितला.

माझ्या मनात काय आहे ते तुम्ही ओळखलंत. देवाला जे सांगितलंत ते रोज सांगत जा. त्याला अंगात ताकद लागते, म्हणून भाकरी सोडू नका. मी पुन्हा तुम्हाला आवाज पाठवणार नाही, तेव्हा माझ्यावरचा राग कमी करायचं कारण नाही.

जेवलात का. गोळ्या घेतल्या का. तिकडे पाऊस कसा आहे.

तुमची सून,
सौ. मोहिनी